एकटीचं हसू

पूनमच्या मते 'वसरी' या मालिकेत सगळ्यात जास्त हसवणारी गोष्ट कुठला संवाद नव्हता, तर दोन संवादांमधली जागा होती. धाकटी जाऊ काहीतरी खोचक बोलते. थोरली पापणीही न हलवता भाकर थापत राहते आणि मग एकच शब्द बोलते. मधली जागा जराशी ताणली की लोक हसत. आणखी ताणली की त्यांना थोरलीबद्दल वाईट वाटू लागे. या दोन्हींच्या मधली सीमा नेमकी कुठे आहे, हे कानाला हेडफोन लावून शोधत बसणं पूनमला आवडायचं. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झाल्यावर ती तासिका तत्त्वावर कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होती. तिथल्या प्रयोगशाळेत यापेक्षा कमी बारकाईचं काम असे.

'वसरी', म्हणजे ओसरी, हे यूट्यूबवरचं कार्टून होतं. एका वऱ्हाडी कुटुंबाच्या घरात दर भागात काहीतरी घोटाळा व्हायचा आणि शेवटी सगळं पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं. चित्रं प्रज्वल काढायचा. तो पूनमचा चुलत दीर, पुण्याला ॲनिमेशन शिकून संग्रामपूरला परत आलेला. लिहिणं आणि आवाज जोडणं पूनमकडे. मालिकेतले आजोबा बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट सांगायला तोंड उघडत आणि तेवढ्यात लाइट जाई. काळ्या पडद्यावर फक्त घरच्यांचे डोळे लुकलुकत. ती गोष्ट आजवर कुणीच पुरी ऐकली नव्हती आणि ऐकणारही नव्हतं. लोक त्या अंधाराची वाट पाहायचे.

दोन जावांचे आवाज मात्र खऱ्या जावांचे होते. धाकटीचा आवाज पूनमच्या सासूचा, रुखमाबाईंचा. थोरलीचा आवाज प्रज्वलच्या आईचा, अंबूबाईंचा. मालिकेत त्या दिवसभर एकमेकींशी भांडत. घरात त्या एकमेकींशी बोलत नसत. महादेवराव, म्हणजे अंबूबाईंचे मालक, वारले तेव्हापासूनचा तो अबोला होता. प्रज्वल त्या वेळी अकरावीत होता आणि पूनम या घरात आलेली नव्हती.

त्यामुळे दोघींचं रेकॉर्डिंग वेगवेगळं चाले. अंगण एकच होतं, घरं दोन होती आणि मधली एक खोली सामाईक होती. तिला दोन्हीकडून दार होतं. कापूस घरी आला की भाव येईपर्यंत तो त्या खोलीत ठेवायचा, एका भिंतीला पूनमच्या सासऱ्यांचा, नारायणरावांचा, दुसऱ्या भिंतीला अंबूबाईंचा. छताला टेकलेल्या त्या ढिगांमुळे खोलीत आवाज अजिबात घुमत नसे. टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे विझे. पूनमने पहिल्यांदा ती टाळी वाजवली, तेव्हाच तिला रेकॉर्डिंगची जागा मिळाली होती. कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटायची, तेवढाच त्रास.

एका दिवशी इकडच्या दारातून रुखमाबाई येत आणि त्यांच्या ओळी बोलून जात. दुसऱ्या दिवशी तिकडच्या दारातून अंबूबाई. समोरच्या जावेच्या ओळी पूनम सपाट आवाजात वाचून दाखवी. मग दोन्ही आवाज ती जोडी आणि मधली जागा स्वतः ठरवी. मालिका बघणाऱ्यांनी खाली लिहिलेलं असे, 'या दोघींचं टायमिंग बघा, जन्मभर एकत्र राहिल्याशिवाय असं जमत नाही.'

अबोल्याचं कारण तिने नवऱ्याला एकदा विचारलं होतं. गोकुळ म्हणाला, "माय हसली होती म्हणते कोणी. बायकांचं काही तरी. तू नको पडू त्याच्यात."

त्या वर्षी होळीच्या सुमाराला प्रज्वलला पुण्याच्या एका स्टुडिओत काम मिळालं. 'वसरी'चे भाग पाहूनच त्यांनी त्याला बोलावलं होतं. आईला तो सोबत नेणार होता. घराला कुलूप, शेत बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, दुसऱ्याकडे. कापूस उचलायला व्यापाऱ्याची गाडी सोमवारी येणार होती आणि त्यानंतरच्या आठवड्यात मायलेक जाणार होते.

रुखमाबाईंनी ही बातमी ऐकली, तेव्हा त्या तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कायमच्या चालल्या का त्या?" त्यांनी सुनेला विचारलं.

"तसंच दिसतंय, आई."

"बरं हाय. पोरापाशी असलेलं बरं." मग त्यांनी पाखडलेलीच तूर पुन्हा पाखडायला घेतली. दिवसभरात त्यांनी तिकडच्या घराबद्दल दुसरं काही विचारलं नाही. पण दुपारी अंबूबाईंच्या घरातून पितळी भांडी बांधायचा आवाज येऊ लागला, तेव्हा त्यांनी हातातलं काम पुन्हा सोडलं आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. समोरून अंबूबाई बाहेर आल्या, तशा रुखमाबाई आत वळल्या. पूनमला वाटलं, आता या दोघी बोलल्या नाहीत तर मरेपर्यंत बोलणार नाहीत. दोघींचीही तशी इच्छा नाही, हेही तिला दिसत होतं. पण पहिला शब्द कुणी काढायचा, हे ठरत नव्हतं, आणि ठरवायला आता एक आठवडा उरला होता.

शेवटच्या भागाची कल्पना प्रज्वलची.

"वहिनी, ऐका. पंजाबराव नावाचा दुसराच कोनी मरते. पन पाहुण्याइले वाटते आपल्या घरचे पंजाबराव, थोरलीचा नवरा, गेले. एक म्हातारी रडत रडत येते अन् चुकीच्या जावेच्या गळ्यात पडते. 'तुयं कुंकू पुसलं वं माय!' अन् जिचं कुंकू पुसलं म्हनते, तिचा नवरा मागं उभा राहून बशीत चहा पिऊन राह्यला."

पूनम हसली. ही रचना पक्की होती. बघणाऱ्याला माहीत आहे आणि रडणारीला माहीत नाही. त्यात बशीचा फुर्र आवाज. "कुठून सुचलं?"

प्रज्वलने पेन खाली ठेवलं. "सुचलं नाई. बाबाच्या वेळी झालंतं. वरवटची आत्या, डोळ्यानं अधू. काकूच्या गळ्यात पडली. नारायणकाका मागं चहा घेऊन उभे. काकू हसली. तवापासून मायनं बोलनं सोडलं."

"आणि तुला हे मालिकेत घ्यायचंय?"

"मीबी हसलोतो ना, वहिनी. खिडकीपाशी तोंड करून. बाप मेलाता माहा अन् मी हसलो. मायले ते माहीतच नाई." त्याने पेन पुन्हा उचललं. "हे चित्र मले दुसऱ्या कोनत्या गोष्टीत टाकता येत नाई. अन् टाकल्याबिगर राहावतबी नाई."

पूनमने लिहायला दोन संध्याकाळी घेतल्या. लिहिताना तिने घटना जशी ऐकली तशीच ठेवली. धाकटी हसते, तोंडावर पदर घेते, थोरली रागावते. मग खरी बातमी कळते आणि सगळं पहिल्यासारखं होतं.

अंबूबाईंना ते वाचून दाखवायला तिला धीर होत नव्हता. पण त्यांना न सांगता रेकॉर्ड करणं चुकीचं झालं असतं. रविवारी सकाळी त्या त्यांच्या दारातून खोलीत आल्या, कापसाच्या गाठोड्याला टेकून बसल्या, आणि तिने सगळं वाचलं. वाचताना वर पाहिलं नाही.

"हे प्रज्वलनं सांगतलं?"

"हो. मोठ्या आई, तुम्हाला नको असेल तर आपण दुसरं काही..."

"थोरली काऊन रागावते?"

पूनमला प्रश्न कळला नाही. "काऊन म्हणजे... तिच्या घरचं माणूस गेलं असं सगळे समजतायत, आणि ही हसते."

"तुले असं वाटते?" अंबूबाईंनी मानेला खाजवलं. "हसाचंच व्हतं ते. आत्या तिच्या गळ्यात, अन् आपले भाऊजी मागून फुर्र करून राह्यले. मेलेलं मानूस उठून हसलं असतं. त्याइले त लयच हसू आलं असतं." त्याइले म्हणजे महादेवरावांना.

"मग?"

"मी लगन होऊन आली, दोन सालानं ते आली. तवापासून चुलीपुढं आमी दोघी एकाच टायमाले हसलो. सासू म्हने, दोन हडळी बसल्या. कोनाचं काही पाह्यलं का मी तिच्याकडं पाहो, ते माह्याकडं पाहे. बोलाचंबी काम नसे. त्या दिवशी मले हसू आलं अन् मी तिच्याकडं पाह्यलं. तिनं पदर घेतला अन् तोंड फिरवलं." त्यांनी पदराला चिकटलेला कापूस वेचला. "एकटीच हसली ते. मले बाजूले ठेवलं."

पूनमने हातातला कागद पुन्हा पाहिला. तिच्याही संहितेत हेच होतं, पदर आणि फिरवलेलं तोंड. तिने त्याकडे शिष्टाचार म्हणून पाहिलं होतं.

या घरात सूनच दोन्हीकडे जात असे. पुरणाचा वाटा, लग्नाची पत्रिका, 'त्याइले म्हणा नळ आला', हे सगळं तीच पोहोचवे. हे वाक्यही पोहोचवता आलं असतं. पण ते तिच्या तोंडून जाताना सपाट झालं असतं, जसे समोरच्या जावेचे संवाद होत. ती म्हणाली, "मोठ्या आई, हा प्रसंग दोघींना एकत्र बसवूनच घ्यावा लागेल. वेगळं घेतलेलं हसू जोडता येत नाही."

ही सबब नव्हती. तिने मागे एकदा दोघींच्या हसण्याचे तुकडे जोडून पाहिली होती. दोन हसणी एकमेकांवर ठेवली की दोन स्वतंत्र आवाज ऐकू येत, शेजारी चाललेल्या दोन पंपांसारखे. खरं एकत्र हसताना एकीचा श्वास जिथे संपतो तिथे दुसरीचं हसू वर येतं. ते नंतर ठरवता येत नाही.

"तिले चालत असलं त मले काय," अंबूबाई म्हणाल्या.

रुखमाबाईंनी एवढंच विचारलं, "त्या असतीन?" आणि पूनमने हो म्हटल्यावर त्या आत जाऊन लुगडं बदलून आल्या. डोक्याला तेलही लावलं. आवाजच घ्यायचा होता, पण पूनमने ते बोलून दाखवलं नाही.

दुपारी दोन्ही दारं उघडली. दोघी आपापल्या कापसाला टेकून बसल्या. मधे स्टुलावर माईक आणि त्यामागे पूनम. नारायणराव आणि प्रज्वल बाहेर अंगणात बाजेवर.

"पूनम," रुखमाबाई म्हणाल्या, "त्याइले म्हना थोडं इकडं सरका. आवाज पडनार नाई तेवढ्या दुरून."

"पूनम, तिले सांग, माहा आवाज दुरून पडते. लहानपनापासून पडते."

"मोठ्या आई, थोडं सरका," पूनम म्हणाली.

म्हातारीचा आवाज द्यायला कुणी नव्हतं, म्हणून तो पूनमच देणार होती. तिने घसा साफ केला आणि वाचलं, "अगं माझ्या माय, तुझं कुंकू पुसलं गं, आता तू कोणाच्या तोंडाकडे पाहशील..."

दोघींनी एकदमच मान वर केली.

"हे काय व्हय?" रुखमाबाई म्हणाल्या.

"रडनं व्हय का परिपाठ?" अंबूबाई त्याच वेळी म्हणाल्या.

"असं उभं राहून नाई रडत वं पोरी. गल्लीच्या वळनापासून सुरू कराव लागते. घरापुढं येईस्तोवर दम उराले पायजे."

"अन् 'गं' नाई, 'वं'. बुलढाण्याच्या कोर्टात रडून राह्यली का?"

"मग दाखवा ना कुणीतरी," पूनम म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मग अंबूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि त्यांच्या दाराबाहेर गेल्या. बाहेरून आवाज आला. आधी बारीक आणि लांब, मग जवळ येत, शब्द आणि श्वास एकमेकांत अडकलेले. "अवं माह्या बाई वं... असं कसं झालं वं..." त्या आत आल्या. वरवटच्या आत्याची तिरकी चाल, पुढे केलेले हात, डोळे बारीक. अंगणात बाज करकरली. नारायणराव घाबरून उठले असावेत. पूनमला हसू आवरेना. अंबूबाई सरळ रुखमाबाईंच्या अंगावर वाकल्या आणि त्यांच्या गळ्यात पडल्या.

"तुयं कुंकू पुसलं वं माय... आता तू कोनाच्या तोंडाकडं पाहशीन वं रुखमे..."

धाकट्या जावेचं नाव मालिकेत वेगळं होतं.

इथे रुखमाबाईंनी हसायचं होतं. त्या हसल्या नाहीत. अंबूबाईंचे हात त्यांच्या खांद्यावर होते आणि त्या खाली पाहत होत्या. पूनमने मनात ती जागा मोजायला सुरुवात केली आणि मोजणं सोडून दिलं.

"तवा मले खरं वाटलं, बाई," रुखमाबाई म्हणाल्या.

"काय खरं वाटलं?"

"आत्या माह्या गळ्यात पडली ना, तवा एक घडी मले वाटलं, माहाच गेला. तुमच्या घरात आली व्हती मी, तुमचं मानूस गेलंतं, सगळं माहीत व्हतं. तरी वाटलं. अन् मागं पाह्यलं त हे चहा पिऊन राह्यले." त्यांचा आवाज अगदी हळू झाला. कापसाने तोही खाऊन टाकला असता, पण माईक जवळ होता. "माहा हाय, असं झालं मले. त्याचं हसू आलं. आत्याचं नाई. मंग तुमच्याकडं कसं पाहू? तुमच्याकडं पाहून कसं हसू मी, का माहा हाय म्हनून?"

अंबूबाई त्यांच्याजवळच कापसावर बसल्या. बसताना त्यांनी रुखमाबाईंचा हात आपणहून धरला होता, की तोल सावरायला धरला होता, ते पूनमला कळलं नाही.

मग अंबूबाई म्हणाल्या, "माहा जिता असता अन् तुया गेला असता, त मीबी तेच केलं असतं."

"तुमी नसतं केलं."

"केलं असतं म्हनते ना. बशीत चहा असता त्याच्या, त आनखीच."

रुखमाबाई तोंडावर पदर घेऊ लागल्या. अंबूबाईंनी तो ओढून खाली घेतला. "ठेव खाली. एवढी सालं तोंड झाकून काय मिळालं तुले?"

"अन् तुमाले काय मिळालं? एक डाव इचारलं असतं, का रुखमे, काऊन हसली? तोंडात काय गारगोट्या व्हत्या?"

"मी इचारू? मी थोरली."

"थोरल्या त थोरल्या. अन् चालल्याबी पुन्याले. सांगतलं कोनाले? मले पोराइच्या तोंडून ऐकाव लागलं."

"बोलत कोन व्हतं तुह्यासंग, सांगाले?"

"मंग राहा ना. काऊन जाऊन राह्यल्या?"

"पोरगं एकटं काय खाईन तिकडं?"

"खाईन काहीबी. सारं पुनं काय उपाशी हाय?"

पूनमने माईककडे पाहिलं. लाल दिवा चालू होता. तिने तो बंद केला नाही, कारण त्यासाठी दोघींच्या मधून हात घालावा लागला असता. ती तिच्या सासूच्या दारातून बाहेर आली.

अंगणात प्रज्वल उभा होता. "झालं का? हसल्या का दोघी?"

"नाही. तुझ्या आईला काही सांगायचं असेल तर आता सांग. खिडकीचं."

तो दारापर्यंत गेला, थांबला आणि मग आत गेला. आतून आधी त्याचा आवाज आला, मग एकदम अंबूबाईंचा, "तूबी? अरे मुडद्या, बापाच्या मातीले!" आणि त्यानंतर जे हसू आलं ते कुणाचं किती, हे बाहेरून सांगता येण्यासारखं नव्हतं. बाजेवर बसलेले नारायणराव सुनेला म्हणाले, "आता काय झालं वं यांइले? मघा रडत व्हत्या."

संध्याकाळी पूनमने फाइल उघडली. एरवी दोन आवाजांचे दोन वेगळे पट्टे असत, मधे स्वच्छ मोकळ्या जागा, आणि ती त्या हव्या तशा लहानमोठ्या करी. आज एकच पट्टा होता. एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू झालेलं. कुठे कापावं म्हटलं तर दोघींपैकी कुणाचा तरी शब्द तुटत होता. तिने ते एकदा पूर्ण ऐकलं. नंतर प्रज्वलला सांगितलं की या भागाला दुसरा शेवट लिहावा लागेल.

"हे घ्याचं नाई?"

"नाही."

"पन असं टायमिंग पुन्हा येनार नाई, वहिनी."

"माहीत आहे. तरी नाही. मालिकेतल्या जावांमध्ये पुढच्या भागात काही फरक पडलेला नसतो. यांच्यात पडलाय."

प्रज्वलने मान हलवली आणि कोऱ्या पानावर आजोबांचं तोंड काढायला घेतलं, उघडं, गोष्ट सांगायच्या बेतात.

सोमवारी कापूस गेला. खोली रिकामी झाली, तशी ती घुमू लागली आणि दोन्ही दारांतून एकमेकींना मारलेल्या हाका सगळ्या घरभर ऐकू येऊ लागल्या. जायचं मात्र ठरलेलंच राहिलं. तिकिटं काढलेली होती, पुण्याला खोलीही घेतलेली होती. पुण्याच्या सामानात कुरडया न्यायच्या की नाही, यावर सकाळपासून वाद चालला होता.

"तिकडं सगळं भेटते, रुखमे. ओझं कशाले?"

"भेटते. पन ते तेलात टाकलं का दगडावानी होते. तुमचे दात काय सरकारी हायेत का, पुन्हा भेटतीन?"

"दाताचं नको काढू. तुयाच पुढचा पडला आधी."

"तुमच्या घरची जवारीची भाकर खाऊनच पडला."

पूनम ओसरीत बसून शेवट लिहीत होती. तिकडे आता कुणालाही तिची गरज नव्हती. रुखमाबाईंनी डबा थैलीत कोंबला होता. अंबूबाईंनी तो बाहेर काढून पुन्हा नीट रचून ठेवला.